रेड्याच्या खडकापासून मावळतीला

नाशिक, ११ नोव्हेंबर २०२५

विश्वेश,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची तब्येत विचारावी, असं आम्हाला शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं. रागात असलात तरी विचारा, म्हणायच्या. आज मी विचारणार नाही.

काल अकराच्या सुमाराला दोन माणसं दारात आली. एक सत्तरीच्या पुढची बाई, बरोबर पन्नाशीचा पुतण्या. तुझ्या खारवेळची. रात्रभर बसमध्ये बसून आलेली, आणि द्वारका चौकात उतरल्यावर कुंभाच्या खोदकामामुळे रिक्षावाल्याने अख्खं शहर दाखवत आणलेली. आधी ती गंगेवर गेली होती, आपल्या बैठकीवर. तिथे मयूर होता. अण्णांची गादी तो चालवतो खरा, पण त्याला मोडी वाचता येत नाही. जुनं नाव निघालं की तो माणसं माझ्याकडे पाठवतो. चुलतबहीण घरीच असते, असं सांगून.

बाईचं नाव भागुबाई. पुतण्या देवराम, होडीवरच्या खलाशांचा तांडेल आहे. भागुबाईंनी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "बाय, ह्ये विंग्रजीत हाय. तुम्ही विंग्रजी शाळंतल्या, असं घाटावर म्हनले. वाचा आनि खरं सांगा."

तो तुझ्या प्रकल्पाच्या अहवालाचा कागद होता.

मला तुझा प्रकल्प आवडायचा, विशू. शेजारपाजारी मी कौतुकाने समजावून सांगायची. खारवेळसमोरच्या समुद्रात दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा चौकोन आखायचा, कडेने पिवळे बोये, तळाशी किनाऱ्यापर्यंत केबल. ज्याने कुणी लाटेवर वीज काढायचं यंत्र बनवलं असेल त्याने ते आणावं, चौकोनात बांधावं, केबलला जोडावं आणि पावसाळ्यातल्या लाटा त्याचं काय करतात ते पाहावं. देशातलं असं पहिलं मैदान, तू म्हणायचास. यंत्रांची तालीम. चौकोनात मासेमारी बंद राहील हेही तू सांगितलं होतंस, पण जाता जाता, जसं लग्नपत्रिकेच्या तळाला आहेर आणू नये असं लिहितात तसं.

त्या कागदावर काय होतं ते मी भागुबाईंना मराठीत सांगितलं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशवह्यांत खारवेळच्या मच्छीमार कुटुंबांची नोंद १९३८ पासूनच मिळते. म्हणजे ही वस्ती अलीकडची. म्हणजे हे पाणी त्यांचं पिढीजात मासेमारीचं पाणी नाही. म्हणून चौकोन आखायला हरकत नाही.

देवराम हसला. म्हणाला, "साहेबांचा बोया आमच्या जाळ्यात दोनदा घावला. त्यालाबी वाटलं आसंल, ही मानसं नवीन दिसतात."

आल्हाद बाहेर येऊन बसला होता. तुझ्या मेहुण्याला गप्प राहता येत नाही. म्हणाला, "वा! तुझ्या भावाने समुद्राचा सातबारा काढला. त्यावर नाव स्वतःचं, आणि तलाठी म्हणून सासऱ्यांना उभं केलं."

मला हसू आलं नाही. वही म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं? माणसं आपलं मेलेलं माणूस घेऊन आपल्या दारात येतात आणि घरातली सगळी नावं विश्वासाने सांगतात. अण्णांनी आयुष्यभरात एका वकिलाला पान उघडून दाखवलं नाही. भावाभावांची भांडणं घेऊन लोक यायचे, पाया पडायचे, तरी नाही. आणि तू त्याच वहीतलं पान त्याच यजमानांच्या विरुद्ध छापलंस.

१९ जानेवारीला खारवेळला जनसुनावणी आहे, असं देवराम म्हणाला. त्याआधी तो परिच्छेद अहवालातून काढून टाक. फोन करू नकोस. फोनवर तू जिंकतोस.

सुमेधा


नाशिक, २४ नोव्हेंबर २०२५

विश्वेश,

तुझा निरोप मोबाइलवर मिळाला. एकच ओळ. "ताई, वही तूच वाचून दिलीस."

हो. दिली.

मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. भागुबाईंनाही सांगितलं नाही. त्या चहा पीत होत्या आणि मी समोर मोठ्या शहाण्यासारखी बसले होते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तू म्हणालास, "ताई, एक काम आहे, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही." अकरा वर्षांत तू मला काही विचारलं नव्हतंस. अण्णांच्या दिवसांना आलास तेव्हासुद्धा तीन दिवस फोन कानाला लावून गॅलरीत उभा होतास. त्यामुळे कशासाठी हवंय, हे मी विचारलं नाही. "गावाचा इतिहास" म्हणालास, तेवढ्यावर मी खूश. बारा पानं लिहून काढली. डावीकडे समास, शाई निळी, एकही खाडाखोड नाही. सिस्टरनी पाहिली असती तर वर्गात फिरवली असती. आणि शेवटी स्वतःच्या अकलेने एक ओळ लिहिली: "यापूर्वी या गावची नोंद नाही."

तुझा अख्खा परिच्छेद माझ्या त्या एका ओळीवर उभा आहे.

ती ओळ चूक आहे. तुला आठवत असेल तर, तुला अण्णा बैठकीवर बसवायचे आणि मला कॉन्व्हेंटात धाडायचे. मुलीला वह्या काय करायच्या? इंग्रजी आलं तर स्थळ बरं मिळेल. मोडी तू शिकायचीस... बघ, तुझ्याबद्दल लिहितानाही मी मुलीचं क्रियापद लिहिते, कारण शिकले शेवटी मीच. अण्णांचे डोळे गेले तेव्हा रोज दुपारी ते पलंगावर पडून म्हणायचे, "वाच." मी वाचायची, ते चुका काढायचे. तू दहाव्या वर्षी बैठकीवरून पळून जायचास आणि पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीसमोर दोरी घेऊन उभा राहायचास. पाणी गुडघ्याला किती वाजता, कमरेला किती वाजता, सगळं वहीत. अण्णा चिडायचे आणि मी तुला लपवायची. मला तेव्हाचा विशू अजून आवडतो. त्याला जे दिसायचं तेच तो लिहायचा.

तर चूक. मोठ्या वहीत ज्यांच्या अस्थी आल्या त्यांचीच नोंद असते. ज्यांच्या अस्थीच नाहीत त्यांचं काय? ज्याला समुद्राने ठेवून घेतलं, ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याच्यासाठी पळसाची पानं मांडून माणूस करतात आणि त्या पानांच्या माणसाला अग्नी देतात. पालाशविधी. त्याची वही वेगळी. जिथे लग्नं आणि मुंजी लिहिल्या आहेत त्या बासनात ती ठेवायची नाही, घरातसुद्धा आणायची नाही, असा आपल्याकडचा रिवाज. ती बैठकीवरच्या पेटीत असते.

ती मला तेव्हा आठवली नाही.

आज मयूरला फोन केला आहे. पेटी उघडायला सांगितली आहे. तोवर तू तो परिच्छेद थांबव. चूक माझी म्हण, माझं नाव घाल, पण थांबव.

सुमेधा


नाशिक, १० डिसेंबर २०२५

विशू,

पालाशवही घरी आणली. रिवाज मोडला. आल्हाद म्हणाला, "आण, आपल्या घरात एवीतेवी मुंज व्हायची कोण राहिलंय?"

पण आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात लिहिलं की ही वही मला आठवली नाही. खोटं आहे. आठवली होती. बारावं पान लिहिताना पेन हातात धरून मी पाच मिनिटं बसले होते. पण तू चार दिवसांत हवं म्हणाला होतास, मयूर गावाला गेला होता, पेटीची किल्ली त्याच्याकडे. तुला फोन करून "अजून आठवडा लागेल" म्हटलं असतं तर तू "राहू दे" म्हणाला असतास, आणि पुन्हा अकरा वर्षं गेली असती. म्हणून मी ती ओळ लिहिली. तू माझ्या ओळीवर चौकोन आखलास, आणि मी ती ओळ तुझ्या फोनसाठी लिहिली. दोघांपैकी कोण जास्त वाईट, हे तू ठरव. मला विचारशील तर, तू.

आता वहीबद्दल. १९३८ च्या आधीची खारवेळची तेवीस नावं आहेत. पहिलं शके १७३९ मधलं, म्हणजे इंग्रजी १८१७. शेवटचं १९३७ चं. प्रत्येक नावापुढे बापाचं नाव, विधीला कोण आलं, आणि माणूस कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात गेला ते. विधीच्या संकल्पात जागा सांगावी लागते, म्हणून खापरपणजोबांपासून सगळ्यांनी ती विचारून लिहिली आहे. एक ओळ तुझ्यासाठी उतरवते: "रेड्याच्या खडकापासून मावळतीला, जाळे घालिता, नाव उलटोन." असंच दुसरं, तिसरं. कुठे रेड्याचा खडक, कुठे जोडकोंड, कुठे आडवं रेत.

भागुबाईंना फोन लावला. म्हटलं, १९३८ च्या आधी तुमची माणसं अस्थी घेऊन का येत नव्हती? त्या म्हणाल्या, "मोटार कुठं व्हती बाय तवा? घाट चढून पायी कोन येनार राख घिऊन? आमची राख खाडीला. पन दर्यानं ठेवला त्याच्यासाठी यावंच लागं. आमच्या भटाला त्यो विधी येत नव्हता. माझी आजेसासू आलेली, पोटुशी, चालत."

म्हणून मोठ्या वहीत १९३८. त्या साली मोटाररस्ता झाला. गाव नाही झालं.

मग मी त्यांना नावं वाचून दाखवली. आपल्याकडे यजमानाने प्रत्येक नावाला "आमचा" म्हणायचं असतं, ते त्यांना ठाऊक होतं. एकेका नावाला फोनमधून "आमचा" येत होतं. मधे दोन नावांना त्या थांबल्या आणि बाहेर कुणाला तरी हाक मारून विचारलं. मग दुसऱ्याच बाईचा आवाज आला, "आमचा."

देवराम फोनवर आला तेव्हा मी अहवालातला नकाशा पुढे घेऊन बसले होते. विचारलं, रेड्याचा खडक कुठे? तो म्हणाला, "तुमच्या भावाचं दोन नंबरचं यंत्र जिथं बांधनार, त्याच्या पोटाखाली. पापलेटाची जागा. साहेबांना आमीच दाखवली, पहिल्या वर्षी होडीतनं नेऊन."

हे तू अहवालात लिहिलं नाहीस.

हे पत्र लिहिता लिहिताच तुझा फोन आला, घेतला. तू ओरडलास. आठ वर्षं, म्हणालास. दोन पावसाळ्यांचं लाटांचं मोजमाप त्याच जागेचं आहे, चौकोन हलवला की सगळं पहिल्यापासून. पुढच्या वर्षी तू निवृत्त होणार, मग ते कुणाचंच राहणार नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आयुष्यभर नाकात गेला तुझ्या, ताई, म्हणालास, आणि मी तो थांबवायला बघतो तर तू पोथ्या काढून बसतेस. आणि शेवटी, शांतपणे: "ती वही मला पाठवून दे. काय करायचं ते मी बघतो."

नाही पाठवणार. शांतपणे बोललास म्हणूनच नाही.

सुमेधा


नाशिक, २९ डिसेंबर २०२५

विश्वेश,

तू परवा येऊन गेलास. समोरासमोर मला जे सांगता आलं नाही ते लिहिते.

तुला पाहिल्यावर मी राग विसरले होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. केस इतके पांढरे केव्हा झाले? मी सांजा केला, तुपात भाजून, तुला आवडतो तसा थोडा करपवून. तू दोन वेळा घेतलास. मला वाटलं, झालं, मिटलं.

मग तू ताटली बाजूला ठेवलीस आणि म्हणालास, "ताई, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. फक्त थांब. एकोणीस तारीख जाऊ दे. मग वही कुणालाही दे, वर्तमानपत्रात छाप."

मी म्हटलं, "एकोणीसनंतर ती कशाला लागेल?"

"इतिहासाला."

आल्हाद म्हणाला, "मेहुणे, इतिहास पापलेट खात नाही."

तू त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मला म्हणालास, "त्या लोकांना चौकोनाबाहेर समुद्र कमी आहे का? अख्खा अरबी समुद्र पडलाय." हे तू बोललास, विशू. ज्याने दोन वर्षं बोया टाकून तिथली एकेक लाट मोजली, ज्याला दुसरी कुठली जागा चालत नाही, तो तांडेलाला सांगतो की पाणी काय, सगळीकडे सारखंच!

मग तू वही मागितलीस. मी तुझ्या हातात दिली. तू पान उलटलंस, डोळ्यांपाशी नेलंस, लांब धरलंस. अण्णांची गादी ज्याच्या नावावर आहे त्याला एक अक्षर लागेना. तू म्हणालास, "वाच." अगदी अण्णांसारखं. मी वाचायला लागले. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, दोन भाऊ एकाच दिवशी. पाचव्या नावाला तू हात वर केलास आणि म्हणालास, "पुरे." चपला घालताना तू म्हणालास, "तुला माझ्यापेक्षा ती कोळीण जवळची झाली."

मी दारात काही बोलले नाही. आता बोलते. नाही झाली. जवळचा तूच होतास, म्हणूनच मी ती ओळ लिहिली, आणि म्हणूनच तिचं पाप माझ्या डोक्यावर आहे. तुझ्याइतकं जवळ कुणी नसतं तर माझ्या हातून चूक झाली नसती.

मी १९ तारखेला खारवेळला येणार आहे. आल्हाद बरोबर असेल. तू गाडी पाठवू नकोस.

सुमेधा


नाशिक, २२ जानेवारी २०२६

विश्वेश,

तू समोर बसला होतास, त्यामुळे तिथे काय झालं हे तुला माहीत आहे. पण तुझ्या खुर्चीवरून ते कसं दिसलं असेल याचा मला भरवसा नाही, म्हणून माझ्या खुर्चीवरून लिहिते.

शाळेच्या मैदानात मांडव. मांडवाच्या एका बाजूने समुद्र दिसत होता. तुझा समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. एवढ्या लांबून काही कळत नव्हतं, नुसता चमकत होता. टेबलामागे सुनावणीचे अधिकारी, त्यांच्या उजवीकडे तू. तुझा सदरा इस्त्रीचा होता, पण दाढी राहिली होती. मला तेवढंच दिसत राहिलं.

माझं नाव पुकारलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपला प्रकल्पाशी संबंध?"

मी म्हटलं, "अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावरचा परिच्छेद माझ्या एका ओळीवरून लिहिला आहे. ती ओळ चुकीची आहे. ती चुकीची असू शकते हे मला लिहितानाच ठाऊक होतं."

मांडवात कुजबुज झाली. भागुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते तोवर माहीत नव्हतं. दोन महिने मी सांगितलं नव्हतं. ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि ती तू मला दिलीस असं म्हणायची सोय नाही.

मग मी तेवीस नावं वाचली, पाण्यांच्या नावांसकट.

वाचून झाल्यावर तुझ्या वकिलांनी विचारलं, "ही वही कुणाच्या मालकीची?" मी म्हटलं, वडिलांची. "ते हयात नाहीत. उपाध्येपणाच्या वृत्तीच्या दाखल्यावर आता नाव कुणाचं?" त्यांनी कागद काढला. दाखल्यावर नाव तुझं. मुलगा म्हणून. मी वाचणारी, सांभाळणारी, पेटीला कापूर घालणारी. कागदावर मी कुणीच नाही. वकील म्हणाले, "म्हणजे आपण ही वही अधिकाराशिवाय सादर करता आहात." मागून देवराम ओरडला, "मंग ज्याची हाय त्यानं करावी की! बसलाय की समोर!"

सगळा मांडव हसला. तू हसला नाहीस, मीही नाही.

अधिकाऱ्यांनी तुझ्याकडे पाहून विचारलं, "आपल्याला काही म्हणायचंय?" तू पेनाचं टोपण लावलंस आणि म्हणालास, "आत्ता नाही."

त्यांचा आदेश तुझ्याकडेही आला असेल. वहीची देवनागरी प्रत, प्रत्येक पानावर दाखल्यावरच्या वारसाची सही, १८ फेब्रुवारीपर्यंत. सही आली तर परिच्छेद रद्द, चौकोनाची जागा नव्याने ठरवायची, मोजमाप पुन्हा. सही आली नाही तर अहवाल आहे तसा मंजूर.

म्हणजे सगळं तुझ्या हातात आहे. खारवेळचं पाणी आणि तुझी आठ वर्षं, दोन्ही. तुला काहीच करायचं नाही. नुसतं बसून राहिलास तरी तू जिंकतोस.

मी प्रत लिहायला घेतली आहे. समास सोडते आहे, शाई निळीच आहे. पोस्टाने तुला पाठवणार नाही. तुझ्या कार्यालयात कागद कसे गहाळ होतात, हे मला माहीत नाही आणि मला शिकायचंही नाही. सही करायची असेल तर इथे ये. माझ्याशी बोलायची गरज नाही. आल्हादला मी बाहेर पाठवीन.

परतताना बसथांब्यावर भागुबाई आल्या होत्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांनी सुके बोंबील कागदात बांधून आणले होते. आल्हादच्या हातात दिले, माझ्या नाही. म्हणाल्या, "तुमची बाय खाते का न्हाय मला ठाव न्हाय. तिनं आदी सांगायला पायजे होतं." आणि गेल्या.

सुमेधा


नाशिक, १६ फेब्रुवारी २०२६

विशू,

शनिवारी तू आलास. सव्वाअकरा वाजले होते. पत्रातून सांगायची गरज नाही, तरी लिहिते, कारण तू होतास तेव्हा मी एक शब्द बोलले नाही आणि दारात जाईपर्यंत तूही नाहीस.

मी टेबलावर पानं मांडून ठेवली होती. तू बूट न काढता बसलास. पाणी ठेवलं, ते प्यायला नाहीस. पहिलं पान ओढलंस. मला वाटलं, सही करशील आणि पुढचं घेशील. तू सही केली नाहीस. पान वाचत राहिलास. मग पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलीस, चार कोपऱ्यांवर मीठ, साखर, लोणच्याची बरणी आणि माझा चष्मा ठेवलास.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं, तू चूक शोधतो आहेस. एखादी जागा नकाशावर सापडत नाही, एखादा खडक कुठे जुळत नाही, म्हणजे वहीच बाद. मी मनातल्या मनात तुला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

दोन तास गेले. आल्हादने खालून दोनदा फोन केला, येऊ का वर म्हणून. मग तू पानं एकावर एक ठेवलीस, उठलास आणि दारापर्यंत गेलास. तिथून म्हणालास, तेवढंच एक वाक्य: "ताई, नोंद अपुरी होती."

तू गेल्यावर मी टेबलापाशी आले.

प्रत्येक पानावर तुझी सही आहे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि प्रत्येक माणसापुढे, मी सोडलेल्या समासात, तुझ्या मुंगीएवढ्या अक्षरांत त्याच्या पाण्याचे अक्षांश-रेखांश आहेत. रेड्याचा खडक, किती अंश, किती मिनिटं, खोली किती. जोडकोंड, खोली किती. "मावळतीला" असं जिथे आहे तिथे माणूस गेला तो महिना धरून दिशा काढली आहेस. श्रावणातला सूर्य कुठे बुडतो तेही तू पाहिलंस. अण्णांच्या वहीत पाण्यांची नावं होती, पण नुसत्या नावाला कुठल्याही वकिलाने हरकत घेतली असती. आता घेता येणार नाही. ते पाणी तुझ्याइतकं कुणी मोजलेलं नाही, आणि मोजणाऱ्यानेच सांगितलं आहे.

एकोणीस जण तुझ्या चौकोनात आहेत. मी दोनदा मोजले.

मला तुझा राग गेलेला नाही. तू होडीतून जागा पाहून आलास आणि अहवालात लिहिलं नाहीस, ते तसंच आहे. "ती कोळीण" म्हणालास, तेही तसंच आहे. तुझाही राग गेला नसणार. पाणी न पिता गेलास, हे मी बरोबर समजले. तू निवृत्त होशील तेव्हा समुद्रात दुसऱ्याच कुणाचा बोया असेल. यात माझा हात आहे, हे मी नाकारत नाही आणि त्याची माफीही मागत नाही.

उरलेले चार जण चौकोनाबाहेर बुडाले. त्यातले दोन तर फार लांब, खाडीच्या तोंडाशी. त्यांचे अंश तू लिहिले नसतेस तर कुणाला कळलं नसतं, आणि लिहिल्याने तुझ्याच बाजूला थोडं बळ येतं. तरी तू तेही इतरांसारखेच लिहिलेस, ना मोठ्या अक्षरात, ना लहान. मी ते खोडले नाहीत. आज सकाळी आल्हादबरोबर जाऊन तेवीसही नावं सुनावणीच्या अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवली.

ताई